निष्कर्षाच्या आधी येणारी फाइल

२६ मे २०२५ रोजी केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही हवामान अंदाजाची नवी प्रणाली राष्ट्राला अर्पण केली. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ही प्रणाली ६ किलोमीटरच्या जाळीवर अंदाज मांडते. आधीची जाळी १२ किलोमीटरची होती. तिची गणिते करणाऱ्या 'अर्का' महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. त्याआधी आठ महिने, २६ सप्टेंबर २०२४ रोजी, पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले होते. २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाचे ते फलित.

अशा बातम्यांत पेटाफ्लॉप येतात, किलोमीटर येतात, कोटी येतात. एक गोष्ट मात्र कधीच येत नाही. महासंगणक कितीही मोठा असो, त्याच्यावरील प्रत्येक गणना काही ओळींच्या साध्या मजकुरापासून सुरू होते. कोणत्या तारखेपासून, कोणत्या प्रदेशासाठी, किती सेकंदांच्या कालपायरीने, ढगांचे आणि प्रारणाचे कोणते सूत्र वापरून गणना करायची, हे त्या मजकुरात लिहिलेले असते. हीच कॉन्फिगरेशन फाइल. तिच्या जोडीला असतात कमांड लाइनवरचे पर्याय, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना त्याच्या नावापुढे टंकलेल्या सूचना. हा मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या प्रोग्रामच्या भागाला पार्सर म्हणतात.

भौतिकशास्त्राच्या संशोधनात या पार्सरला कोणी मान देत नाही. समीकरणे सोडवणारा भाग प्रबंधात सविस्तर येतो. सूचना वाचणारा भाग एखाद्या संध्याकाळी घाईने लिहिला जातो आणि पुढे कित्येक वर्षे तसाच वापरला जातो. ही उपेक्षा महाग पडते. पार्सर हाताने लिहिण्याची प्रथा संशोधन सॉफ्टवेअरमधून गेली पाहिजे. कोणते पर्याय आहेत, त्यांचा अर्थ काय आणि मर्यादा काय, हे शास्त्रज्ञाने एकाच जागी लिहावे आणि त्यावरून वाचनाचा सगळा कोड यंत्राने तयार करावा. हा आग्रह सोयीसाठी नाही; निष्कर्षाच्या विश्वासार्हतेसाठी आहे.

एका पर्यायाची सात घरे

एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रोग्रामला 'श्यानता' हा एक नवा पर्याय जोडला, असे समजा. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये या एका पर्यायाला किती जागी नोंदवावे लागते? चल घोषित करावा लागतो. त्याचे डिफॉल्ट मूल्य भरावे लागते. कमांड लाइनवरून तो वाचण्याची ओळ लागते, फाइलमधून वाचण्याची वेगळी लागते. मूल्य आकडाच आहे ना आणि ऋण तर नाही ना, हे तपासावे लागते. मदतीच्या मजकुरात त्याचे नाव घालावे लागते आणि माहितीपुस्तिकेतही. म्हणजे एका पर्यायाची सात घरे झाली. चाळीस पर्यायांच्या मध्यम आकाराच्या प्रोग्राममध्ये अशा २८० नोंदी परस्परांशी जुळत्या ठेवाव्या लागतात, आणि त्या जुळत्या आहेत की नाहीत हे सांगणारे कोणी नसते.

पहिल्या आवृत्तीत त्या जुळतातही. तिसऱ्या वर्षी कोणीतरी डिफॉल्ट बदलतो, पुस्तिका बदलायची राहते. चौथ्या वर्षी फाइलमधून येणाऱ्या मूल्याची तपासणी होते, कमांड लाइनवरून येणाऱ्या मूल्याची होत नाही. पाचव्या वर्षी ज्याला हे सगळे ठाऊक होते तो विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो.

अशी विसंगती काय करू शकते, याचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. १९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी कॉन्फिगरेशनची एक नवी फाइल जगभर पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक त्यामुळे कोलमडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कंपनीने पुढे प्रसिद्ध केलेली कारणमीमांसा प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. त्या प्रकारच्या फाइलच्या व्याख्येत २१ रकाने होते. अर्थ लावणाऱ्या भागाला मूल्ये पुरवणारा कोड मात्र २० च मूल्ये देत होता. फाइल तपासणारा तिसरा भागही २१ मूल्ये मिळणार असेच धरून चालला होता. आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी खूण असल्याने तिकडे पाहण्याची वेळच आली नव्हती. त्या शुक्रवारी पहिल्यांदा तेथे खरी अट आली आणि प्रोग्रामने स्वतःच्या हद्दीबाहेरची स्मृती वाचायचा प्रयत्न केला.

एकच गोष्ट तीन जागी लिहिली होती आणि तीनपैकी एका जागी ती वेगळी होती. नंतर कंपनीने केलेल्या उपायांपैकी एक असा की रकान्यांची संख्या आता कंपाइल करतानाच पडताळली जाते.

न कोसळणारी चूक

विज्ञानाच्या दृष्टीने मात्र क्राउडस्ट्राइकची चूक सुदैवी म्हणावी लागेल, कारण ती लगेच दिसली. संशोधनातली खरी भीती न कोसळणाऱ्या प्रोग्रामची असते.

पायथॉनमध्ये लिहिलेल्या कित्येक प्रोग्रामांत फाइलमधील मूल्य असे मागितले जाते: या नावाचे मूल्य असेल तर द्या, नसेल तर ०.०१ धरा. आता फाइल लिहिणाऱ्याने नावातले एक अक्षर चुकवले. प्रोग्रामला ते नाव सापडत नाही. तो बिनतक्रार ०.०१ धरतो आणि चुकीच्या नावाची ओळ कोणी वाचतही नाही. गणना दोन दिवस चालते. आलेख गुळगुळीत येतो. त्याच्या शीर्षकात श्यानता ०.०५ लिहिलेली असते, कारण फाइलमध्ये तीच लिहिली होती. पुढच्या बैठकीत त्या आलेखाचे भौतिक स्पष्टीकरणही मिळून जाते. हुशार माणसांना स्पष्टीकरणे सापडायला वेळ लागत नाही.

दुसरी जात अर्थ ओळखण्याच्या अतिउत्साहाची. यॅमल या लोकप्रिय मांडणीच्या १.१ आवृत्तीत अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला 'एन ओ' हा शब्द 'नाही' या तार्किक मूल्यात बदलतो. देशांच्या दोन अक्षरी संकेतांच्या यादीत नॉर्वेचा संकेत नेमका हाच असल्याने तो देश यादीतून गायब होतो. एक्सेलने जनुकांच्या नावांना तारखा समजून बदलल्याची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. 'मार्च १' आणि 'सेप्ट १' ही जनुकांची नावे होती. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. या रकान्यात शब्द आहे की तारीख, हे आधी कोठे जाहीर केलेले नसले की यंत्र अंदाज करते, आणि विज्ञानाला त्या अंदाजापुढे माघार घ्यावी लागते.

नोंदवहीतून निघणारा कोड

उपाय नवा नाही. मजकूर वाचणारा कोड यंत्रानेच लिहावा, ही कल्पना १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लेक्स आणि याक या साधनांनी रुजवली. व्याकरणाचे नियम द्यावेत आणि पार्सर घ्यावा, असा तो व्यवहार होता. पर्यायांच्या बाबतीत ग्नू प्रकल्पाच्या जेनगेटऑप्टने हेच काम सोपे केले. एका छोट्या फाइलमध्ये प्रत्येक पर्यायाची एक ओळ असते: नाव, एकाक्षरी संक्षेप, वर्णन, पूर्णांक की शब्द, डिफॉल्ट काय, सक्तीचा की ऐच्छिक. तिच्यावरून सी भाषेतला सगळा कोड तयार होतो, मदतीचा मजकूरही त्यातच येतो, आणि मागितल्यास तेच पर्याय कॉन्फिगरेशन फाइलमधून वाचणारा भागही मिळतो. ऑटोऑप्ट्स हे साधन आणखी पुढे जाते. एकाच व्याख्येतून ते कमांड लाइन, फाइल आणि परिसर-चल या तिन्हींचे वाचन तयार करते, शिवाय माहितीपुस्तिकाही.

पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावे असे सर्वांत चांगले उदाहरण हवामानशास्त्रात आहे. डब्ल्यूआरएफ हे मॉडेल अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने इतर संस्थांसह घडवले. भारतात ते हवामान विभागापासून विद्यापीठांपर्यंत वापरले गेले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्लीसाठी सुरू झालेली हवेच्या गुणवत्तेची पूर्वसूचना प्रणाली त्याच्याच रसायनप्रक्रिया जोडलेल्या आवृत्तीवर उभी राहिली. या मॉडेलमध्ये 'रजिस्ट्री' नावाचा एक विभाग आहे. रजिस्ट्री म्हणजे शब्दशः नोंदवही.

या नोंदवहीत प्रत्येक पर्यायाला एक ओळ मिळते. 'गणना किती दिवस चालवायची' या पर्यायाची ओळ सांगते की हा पूर्णांक आहे, तो कालनियंत्रणाच्या गटात येतो, त्याला एकच मूल्य असते, डिफॉल्ट शून्य आहे आणि त्याचा अर्थ अमुक. ज्या पर्यायांना एकात एक बसवलेल्या प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळे मूल्य लागते, तेही त्याच ओळीत कळते. मॉडेल कंपाइल होण्याआधी सी भाषेतला एक प्रोग्राम ही नोंदवही वाचतो आणि फोरट्रानचा कोड लिहून काढतो. चल घोषित करणारा, डिफॉल्ट भरणारा, फाइल वाचणारा, मॉडेलच्या इतर भागांनी मूल्य मागितले की ते पुरवणारा, असा सगळा कोड त्या एका ओळीतून निघतो. नवा पर्याय हवा असलेल्या संशोधकाने ती ओळ लिहून मॉडेल पुन्हा कंपाइल करायचे असते. सात घरे सांभाळण्याचे काम यंत्राकडे जाते.

याच शिस्तीचा एक लाभ फारसा बोलला जात नाही. डब्ल्यूआरएफ चालू झाले की ते एक आणखी फाइल लिहिते. वापरणाऱ्याने दिलेली मूल्ये आणि त्याने न दिल्यामुळे डिफॉल्टमधून आलेली मूल्ये, दोन्ही त्या फाइलमध्ये असतात. प्रयोगशाळेतल्या भाषेत सांगायचे तर ही उपकरणाच्या सगळ्या बटणांची नोंद झाली; ज्या बटणांना हातही लावला नाही त्यांचीसुद्धा. निष्कर्ष पुन्हा मिळवायचा असेल तर हीच नोंद लागते, कारण पुढच्या आवृत्तीत डिफॉल्ट बदललेले असू शकते. पर्यायांची यादी एकाच जागी असेल, तरच ही नोंद पूर्ण आहे असे खात्रीने म्हणता येते.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या मताविरुद्ध मुद्दे आहेत आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप प्रमाणाचा. वीस ओळींच्या, एकदा वापरून टाकायच्या प्रोग्रामला कोडनिर्मितीचे साधन कशाला? ते खरेच नको. पायथॉनसारख्या भाषेत वेगळा कोड तयार करण्याचीही गरज नसते. आर्गपार्ससारख्या प्रमाण ग्रंथालयाला पर्यायांची यादी दिली की वाचन, तपासणी आणि मदत तिथल्या तिथे मिळते. आग्रह व्याख्या एकच असण्याचा आहे. साधन कोणतेही चालेल.

दुसरा आक्षेप परावलंबनाचा. कोड तयार करणारे साधनच दहा वर्षांनी उपलब्ध नसेल तर? याला उत्तर शिस्तीचे आहे: साधनाची आवृत्ती नोंदवावी आणि तयार झालेला कोडही मूळ व्याख्येसोबत जतन करावा. साधन गेले तरी कोड चालतो आणि व्याख्या तर साधा मजकूर असल्याने वाचता येतेच.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी आहे. यंत्र प्रकार तपासते, भौतिकशास्त्र तपासत नाही. डब्ल्यूआरएफमध्ये सेकंदांतील कालपायरी जाळीच्या किलोमीटरांतील अंतराच्या साधारण सहापट असावी, असा संकेत आहे. ९ किलोमीटरच्या जाळीला ५४ सेकंद. कोणी तेथे ५४० लिहिले तर तोही पूर्णांकच. पर्यायांचे परस्परांशी जुळणे तपासण्यासाठी डब्ल्यूआरएफलाही हाताने लिहिलेला एक स्वतंत्र भाग ठेवावा लागला आहे. म्हणजे नोंदवहीमुळे शास्त्रज्ञाची जबाबदारी संपत नाही. पण नाव चुकले का, आकडा आहे का, रकाने जुळतात का, ही हमाली यंत्राने उचलली की माणसाची नजर ५४० या आकड्यासाठी मोकळी राहते. हेच श्रमविभाजन योग्य आहे.

'आपोआप' या शब्दाचे दोन अर्थ

आज हा विषय पुन्हा काढण्याचे आणखी एक कारण आहे. 'कोड आपोआप लिहिणे' या शब्दांचा अर्थ गेल्या काही वर्षांत बदलला. विद्यार्थी आता भाषिक मॉडेलला चार वाक्यांत सांगतो आणि पार्सर मिळवतो. मग नोंदवह्या आणि साधने कशाला, असा प्रश्न साहजिक आहे.

दोन्ही गोष्टी यांत्रिक असल्या तरी त्यांची हमी सारखी नाही. जेनगेटऑप्टला किंवा रजिस्ट्रीला तीच व्याख्या दिली की दर वेळी तोच कोड मिळतो. ते साधन एकदा नीट तपासले की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पार्सरला त्या तपासणीचा लाभ होतो; त्यात दोष निघाला तरी दुरुस्ती एकाच जागी करावी लागते. भाषिक मॉडेलने दिलेला कोड दर वेळी वेगळा असू शकतो आणि दर वेळी नव्याने तपासावा लागतो. शिवाय त्याने लिहिलेल्या पार्सरमध्ये पर्यायाची सात घरे तशीच राहतात. फक्त ती माणसाऐवजी यंत्राने भरलेली असतात. पुढच्या महिन्यात एक पर्याय वाढवायला सांगितला की सातपैकी सहा घरे बदलली जाण्याची शक्यता उरतेच.

म्हणून भाषिक मॉडेलचा उपयोग व्याख्येचा मसुदा करण्यासाठी जरूर व्हावा. चाळीस ओळींची व्याख्या शास्त्रज्ञ दहा मिनिटांत वाचून दुरुस्त करू शकतो. त्यावरून निघणारा हजार ओळींचा कोड मात्र ठरलेल्या, तपासलेल्या साधनाकडून यावा. माणसाने वाचायचे ते थोडे असावे, आणि जे थोडे आहे त्यात सगळे असावे.

देशापुढचे काम

भारताने संगणकांवर पैसा खर्च केला आहे आणि तो योग्यच आहे. येत्या काळात आणखी दीर्घजीवी प्रकल्प उभे राहतील. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील लायगो-इंडियाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशा वेधशाळेची माहिती आज शाळेत असलेली मुले संशोधक होऊन वापरतील. त्यांच्या हाती पडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या पर्यायाचा अर्थ कोणाच्या तरी स्मरणात शिल्लक असून चालणार नाही. तो लिहिलेला असावा लागेल.

त्यासाठी नव्या तरतुदीची गरज नाही, तीन सवयींची आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानाच्या प्रशिक्षणात समांतर गणनेइतकेच पर्यायांच्या व्याख्येला स्थान द्यावे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने, आपल्या अनुदानातून लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला व्याख्या-फाइल असावी अशी अट घालावी. आणि विद्यापीठांनी प्रबंधातील प्रत्येक संगणकीय निष्कर्षासोबत डिफॉल्टांसह सर्व मूल्यांची नोंद मागावी. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत तापमान आणि लघुत्तम माप लिहिल्याशिवाय निरीक्षण स्वीकारले जात नाही. संगणकावर केलेल्या प्रयोगाला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

विद्यार्थ्यांना तर कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. ज्या प्रोग्रामवर पुढची दोन वर्षे काढायची आहेत, त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आज एक नाव मुद्दाम चुकवून पाहावे. प्रोग्राम थांबला आणि चुकीची ओळ दाखवली, तर तो विश्वासाला पात्र आहे. काहीच न बोलता पुढे गेला, तर आजवर काढलेल्या आलेखांपैकी कोणता आलेख कोणत्या मूल्यांवर काढला होता, हे तपासायला त्याच दिवशी बसावे.

#संशोधन_सॉफ्टवेअर #महासंगणन #भारतीय_विज्ञान